पालक शिक्षक, टीजी, मेंटॉर : एका वाटपाची पार्श्वभूमी

कॉलेजचे सत्र सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की नोटीस बोर्डावर एक यादी लागते. एफवायचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे, रोल नंबर १ ते २४ एका सरांकडे, २५ ते ४८ एका मॅडमकडे, असे करत शेवटच्या रोल नंबरापर्यंत. वर मथळा असतो, ‘मेंटॉर-मेंटी वाटप’. मेंटॉर म्हणजे मुलाची विचारपूस करणारा, सल्ला देणारा शिक्षक, आणि मेंटी म्हणजे त्याच्याकडे सोपवलेला विद्यार्थी. रॉकेलचे वाटप व्हायचे, गणवेशाचे होते, तसे हे माणसांचे. ग्रीक कथेतला तो मूळ मेंटॉर प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या स्लाइडवर भेटतोच, म्हणून त्याला इथे सोडून देतो.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एका अनाथाश्रमात काम करणाऱ्या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिली. म्हणजे आपली धूळपाटीच. तिच्यासोबत थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवायची रीत त्याने उचलली आणि इंग्लंडात तिचे पुस्तक केले. तीच पुढे इंग्रजी नाव लावून इथल्या शाळांत परत आली. वर्गातला ‘मॉनिटर’ तिचाच वंशज. विसाव्या शतकात कोल्हापूरची १९०१ पासूनची वसतिगृहे आणि साताऱ्याचे १९२४ चे बोर्डिंग इथे जे झाले, ते आजच्या अर्थाने खरे मेंटॉरिंग होते. पण त्याला तेव्हा कुणी वेगळे नाव दिले नाही. मुलगा काय खातो, आजारी आहे का, घरून पत्र आले का, हे एका छपराखाली राहिले की कळतच असे.

नावाची गुंतागुंत सुरू झाली ती ‘पालक’ या शब्दापासून. कॉलेजांत ‘शिक्षक-पालक योजना’ आली, म्हणजे शिक्षकानेच पालक व्हायचे. पण शाळेतून येणाऱ्या मुलांच्या डोक्यात ‘पालक-शिक्षक संघ’ पक्का बसलेला. त्यात पालक वेगळे, शिक्षक वेगळे, आणि दोघांची सभा भरते. पहिल्याच बैठकीला मुले आई-वडिलांना घेऊन आल्याचे मी दोनदा पाहिले आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनी ‘टीचर गार्डियन’चे ‘टीजी’ करून सुटका करून घेतली. ‘मार्गदर्शक’ म्हणावे, तर आपल्याकडे प्रमुख पाहुणे वीस मिनिटे बोलले तरी बातमीत त्यांनी ‘मार्गदर्शन केले’ असते, आणि सरकारी कार्यालयात ‘मार्गदर्शन मागविले आहे’ याचा अर्थ फाइल वर सरकवली आहे. ‘पर्यवेक्षक’ परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतो. राहिला ‘पालक’. त्यात माया आहे हे खरे, पण आपल्याकडे पालकमंत्रीही असतो. जिल्ह्याचा पालक जिल्ह्यात राहत नाही, झेंडावंदनाला येतो. शब्दाची ही छटाही योजनेला चिकटलीच. शिवाय घरी बाप रागावतो म्हणून कॉलेजात मोकळेपणा शोधणाऱ्या पोरीला आणखी एक पालक नेमून देणे, हे मला कधीच पटले नाही. शेवटी ‘मेंटॉर’ आला, आणि त्याच्यामागून ‘मेंटी’. मराठीत ते कोणाच्या तरी लाडाच्या नावासारखे वाटते, पण चालले आहे.

आजची रचना मात्र मायेतून आली नाही, भीतीतून आली. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच केला होता. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रॅगिंगमध्ये मरण पावला आणि त्याच जूनमध्ये देशभरासाठी विनियम निघाले. त्यांतल्या दोन तरतुदी आज फारशा कुणाला आठवत नाहीत. एक, नव्या मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे द्यायचा, आणि त्याने गटातल्या प्रत्येकाशी रोज बोलायचे. रोज! दोन, विद्यापीठात स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांचा मेंटॉरिंग कक्ष करायचा. सहा नव्या मुलांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक. दुसरी कल्पना मला आजही सगळ्यांत शहाणी वाटते, कारण वसतिगृहातली पाण्याची वेळ किंवा कोणत्या सरांना काय विचारावे, हे एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचाच मुलगा सांगू शकतो. पण कला-वाणिज्यच्या कॉलेजांनी हे सगळे ‘हॉस्टेलवाल्यांचे प्रकरण’ म्हणून फाइलला लावले.

कलाटणी बसली २०१७ मध्ये. कॉलेजांच्या मूल्यांकनाची, म्हणजे ‘नॅक’ची, नवी चौकट आली आणि तिच्यात शैक्षणिक व ताणतणावाशी संबंधित प्रश्नांसाठी एका मेंटॉरमागे विद्यार्थी किती, असा निकष होता. पुरावा म्हणून मेंटॉर नेमल्याचे परिपत्रक आणि याद्या. त्याच सुमारास तंत्रशिक्षणात तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आला, त्यात वीस मुलांमागे एक शिक्षक. २०१९ मध्ये तर मूल्यांकन न झालेल्या कॉलेजांना मूल्यांकन झालेले कॉलेज मेंटॉर म्हणून द्यायची योजना निघाली. संस्थाच संस्थेची मेंटी झाली.

वाद इथेच आहे. निकषाला गुणोत्तर हवे, आणि गुणोत्तर भागाकाराने निघते. म्हणून रोल नंबर. मुलाने स्वतः शिक्षक निवडावा, असे म्हणणाऱ्यांत मी आहे. ज्याच्याशी बोलावेसे वाटत नाही, त्याच्याजवळ कुणी घरातले भांडण सांगत नाही. विरुद्ध बाजूला एक मुद्दा आहे, तो खोडता येत नाही. निवड मोकळी ठेवली तर खेळात किंवा नाटकात असलेल्या सरांकडे सत्तर जण जातील, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला, मागच्या बाकावरचा मुलगा कुणाकडेच जाणार नाही. रोल नंबर त्याला निदान एका यादीत तरी घालतो. मधला मार्ग, म्हणजे आधी यादी आणि दिवाळीनंतर बदलायची मुभा, फार थोड्यांनी वापरला. यादी बदलली की पुराव्याची कागदपत्रेही बदलावी लागतात ना.

कागदांमध्ये सर्वांत बोलकी असते मेंटॉर डायरी. रकाने ठरलेले : दिनांक, चर्चेचा विषय, दिलेला सल्ला, मेंटीची सही. एका ग्रामीण कॉलेजातली अशी डायरी माझ्यासमोर आहे. जुलै ते फेब्रुवारीच्या आठ नोंदी, एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या : ‘अभ्यासाबाबत चर्चा’, ‘नियमित अभ्यास करावा’. मध्येच एका पानावर पेन्सिलीने लिहिले आहे, ‘शनि. चारला थांबली तर बस चुकते.’ मेंटॉरिंगचा तास शनिवारी चारला होता, आणि त्या डायरीतल्या मुलीच्या गावची शेवटची एसटी सव्वाचारला. वर्षभर ती गैरहजर लागली होती. डायरीतली ती एकच नोंद खरी, आणि तिला रकाना नव्हता.

२०२० च्या टाळेबंदीत डायरीची जागा व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली. काही काळ बोलणे खरेच वाढले, मग ग्रुपवर शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखा पडू लागल्या. नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत पुढच्या वर्षी आले, तेव्हा मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, कोणता घ्यायचा, मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात त्या क्रेडिट बँकेचा आयडी काढला का, हे सगळे मेंटॉरकडे आले. एका अर्थी बरे झाले, मुलांना मेंटॉरकडे जायला निमित्त मिळाले.

आणखी एक बाब परिपत्रकांत येत नाही. कायम जागा रिकाम्या असल्याने कित्येक ठिकाणी निम्मे मेंटॉर तासिका तत्त्वावरचे आहेत. त्यांना मानधन वर्गातल्या तासाचे मिळते. मुलाशी पायरीवर बसून बोललेल्या तासाचे मिळत नाही. नेमणूकही त्या वर्षापुरती. सत्र संपले की डायरी ऑफिसात जमा करायची. पुढच्या सत्रात तेच रोल नंबर नव्या माणसाकडे जातात, आणि त्याच्या हातात कोरी डायरी देतात.