खुलासा: पॅनेल किटचं घर म्हणजे मॉड्युलर घर नव्हे

अमेरिकेत जमीन घेऊन घर बांधणाऱ्या आपल्या मंडळींत एक समज पक्का बसलाय: पॅनेल किट (भिंती-छपराच्या तयार पॅनेलचा संच) घ्या नाहीतर मॉड्युलर, दोन्ही कारखान्यातूनच येतात, दोन दिवसांत राहायला जा. हे खरं नाही आणि यापायी लोकांचं बजेट कोलमडतं.

मॉड्युलर घर खोक्यांच्या रूपात येतं. वायरिंग, नळ, किचनची कपाटं बरीचशी आतच बसवलेली असतात. क्रेनने खोकी पायावर ठेवून जोडायची. ‘मोबाइल होम’, म्हणजे कारखान्यातच चाकं लावता येणाऱ्या सांगाड्यावर बांधलेलं घर, हा प्रकार आणखी वेगळा. त्याला १९७६ पासून केंद्रीय नियमावली आहे, मॉड्युलरला मात्र राज्याचे आणि स्थानिक बांधकाम नियम लागतात.

किटमध्ये येतं ते मुख्यतः घराचं कवच. पॅनेल कडेने बघा: दोन बाजूंना लाकडाच्या ढलप्या दाबून केलेले बोर्ड, मध्ये थर्मोकोलसारखा पांढरा फोम आणि त्यात वायर ओढायला आरपार भोकं. भिंती भराभर उभ्या राहतात, पण इलेक्ट्रिशियन, प्लंबर, फरशी, रंग सगळं आपणच बघायचं. खरी मेख दोन पॅनेलमधल्या सांध्यांत आहे. अलास्कातल्या जुनो शहरात अशा पॅनेलची काही छपरं कुजली, कारण नीट न भरलेल्या सांध्यांतून घरातली दमट हवा वर गेली आणि थंडीने तिचं पाणी झालं. म्हणून कोटेशन हातात आलं की आधी विचारा, सांधे कोण भरणार आणि कोण तपासणार?