हॉट प्लग आणि कोल्ड प्लग : नेमकं गरम काय असतं?

छोट्या विमानाच्या इंजिनाचे स्पार्क प्लग (ठिणगी पाडून इंधन पेटवणारे) बदलायला काढले की ‘हॉट बसवू की कोल्ड?’ हा प्रश्न येतो, आणि पाठोपाठ एक गैरसमजही येतो: हॉट प्लगची ठिणगी म्हणे जास्त जोरदार असते. तसं अजिबात नाही. हॉट-कोल्डचा ठिणगीशी संबंधच नाही. प्लगच्या टोकाला साठलेली उष्णता किती लवकर बाहेर पडते, एवढंच ते शब्द सांगतात.

दोन्ही प्लग उजेडात धरून टोकाकडून आत बघा. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या सिरॅमिकचं नाक दिसेल. हॉट प्लगचं नाक लांब असतं. उष्णतेला प्लगच्या धातूच्या अंगापर्यंत आणि तिथून सिलिंडर हेडपर्यंत लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून टोक तापलेलं राहतं. कोल्ड प्लगचं नाक आखूड, त्यामुळे उष्णता झटकन निघून जाते.

म्हणूनच जोडी उलटी लागते: जास्त कॉम्प्रेशनच्या (मिश्रण जास्त दाबणाऱ्या), टर्बो लावलेल्या तापट इंजिनाला कोल्ड प्लग, कमी कॉम्प्रेशनच्या शांत इंजिनाला हॉट. तापट इंजिनात हॉट बसवला तर टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगी पडण्याआधीच हवा-इंधनाचं मिश्रण पेटवतं. या प्रीइग्निशनने पिस्टनला भोक पडायला काही मिनिटं पुरतात.

शांत इंजिनात कोल्ड बसवला तर दुखणं हळू येतं, आणि ते शिशाचं असतं. 100 एलएल या विमानांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. ते धुरावाटे बाहेर पडावं म्हणून इंधनात इथिलीन डायब्रोमाइड मिसळलेलं असतं. पण प्लगचं टोक साधारण 480 अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच ते आपलं काम नीट करतं. टोक थंड राहिलं की नाकाच्या बुडाशी राखाडी, खड्यासारखे कडक मणी धरतात. प्रत्येक सिलिंडरला वर एक, खाली एक असे दोन प्लग असतात; खालच्या प्लगमध्ये हे मणी जास्त सापडतात. हे मणी तापले की वीज त्यांच्यातूनच निसटते आणि मॅग्नेटो चेकला, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारे मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून तपासताना, इंजिन खडखडतं.

हे मणी दिसले की लगेच जास्त हॉट प्लग मागवायचा मोह होतो. मी तरी आधी मिश्रण तपासतो. जमिनीवर टॅक्सी करताना (विमान चाकांवर चालवताना) मिक्स्चर पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवायची सवय असेल तर दोष प्लगचा नाही. जमिनीवर चांगलं लीन करा, म्हणजे इंधन कमी करा, बराच फरक पडतो. मऊ, कोरडी काजळी असेल तरी कारण बहुधा रिच मिश्रणच. ओलं, काळं, तेलकट दिसलं तर मात्र पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे बघायला हवं. तिथे प्लग बदलून उपयोग नाही.

नंबर वाचताना आणखी एक गफलत होते. चॅम्पियन कंपनीच्या विमानी प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग हॉट, म्हणजे आरईएम 40 ई हा आरईएम 38 ई पेक्षा हॉट. एनजीके कंपनीच्या गाड्यांच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे कोल्ड. गाडीची सवय विमानात आणू नका, आणि अंदाजाने तर काहीच बसवू नका. इंजिन बनवणाऱ्याने मंजूर केलेली यादी असते. लायकमिंग या इंजिन कंपनीची यादी तिच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन 1042 मध्ये आहे. त्याबाहेरचा प्लग कितीही चांगला वाटला तरी चालत नाही.

बसवताना दर वेळी नवा तांब्याचा वॉशर घाला. अँटी-सीझ (आटे घट्ट चिकटू नयेत म्हणून लावायचं वंगण) अगदी थोडं, आणि टोकाकडचा पहिला आटा कोरडा सोडून. हातातून निसटून खाली पडलेला प्लग टाकूनच द्या. सिरॅमिकला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लायकमिंगच्या इंजिनाला 420 इंच-पाउंड, कॉन्टिनेन्टलच्या इंजिनाला 300 ते 360.

प्लग काढतानाच सिलिंडरनुसार, वरचे-खालचे असे ट्रेमध्ये क्रमाने मांडा. मॅग्नेटोची ध्रुवता दर ठिणगीला उलटते, त्यामुळे काही प्लगचा मधला इलेक्ट्रोड झिजतो, तर काहींचा बाजूचा. म्हणून परत बसवताना वरचा प्लग फायरिंग ऑर्डरमधल्या (सिलिंडर पेटण्याच्या क्रमातल्या) पुढच्या सिलिंडरच्या खालच्या जागी जातो आणि खालचा वर येतो. ट्रेमध्ये सरमिसळ झाली की कुठला प्लग कुठून आला तेच कळत नाही, आणि कोणत्या सिलिंडरने तेल खाल्लं हा मागही तिथेच पुसला जातो.