घोळणा फुटणे

नाकातून अचानक रक्त वाहू लागते, त्याला घोळणा फुटणे म्हणतात. दोन ते दहा वर्षांची मुले आणि पन्नाशी ओलांडलेली माणसे यांच्यात हा त्रास जास्त दिसतो. दहापैकी नऊ वेळा रक्त नाकाच्या पुढच्या भागातूनच येते. दोन नाकपुड्यांमधला जो पडदा असतो, त्याच्या खालच्या-पुढच्या टोकाला चार-पाच रोहिण्यांच्या बारीक शाखा एकत्र येऊन जाळे तयार होते. डॉक्टर त्या जागेला ‘लिटल्स एरिया’ म्हणतात. तिथले अस्तर फार पातळ असते आणि बोटाचे नख नेमके तिथवर पोहोचते. जागा इतकी पुढे असल्यामुळेच ती बाहेरून चिमटीत धरता येते, आणि बहुतेक घोळणे घरच्या घरी थांबतात.

माणसाला खुर्चीवर ताठ बसवावे आणि मान किंचित पुढे झुकवायला सांगावी. नाकात गुठळ्या साचल्या असतील तर एकदाच हलके शिंकरून काढाव्यात. मग अंगठा आणि तर्जनी यांनी नाकाचा मऊ भाग, म्हणजे हाड संपते त्याच्या खालचा भाग, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरावा. रक्त एकाच नाकपुडीतून येत असले तरी दोन्ही दाबायच्या. श्वास तोंडाने घ्यावा आणि घशात आलेले रक्त वाटीत थुंकावे. गिळलेले रक्त पोटात मळमळ आणते, काळपट उलटी होते आणि घरचे आणखी घाबरतात. घड्याळ लावून सलग दहा मिनिटे चिमटी सोडायची नाही. थांबले का ते बघायला दर मिनिटाला बोट काढले की नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते आणि दहा मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. घोळणा ‘थांबतच नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा एक तर मध्येच हात सोडलेला असतो, नाही तर नाकाच्या हाडावर दाबलेले असते. हाडावर कितीही जोर दिला तरी खालची रक्तवाहिनी दबत नाही.

मान मागे टाकून आडवे झोपवणे ही सर्वांत रुळलेली चूक. त्याने रक्त थांबत नाही, घशामागून पोटात उतरते आणि दिसेनासे होते. लहान मुलाच्या श्वासनलिकेतही ते जाऊ शकते. फोडलेला कांदा हुंगवला आणि शिंक आली, तर धरलेली गुठळी उडून जाते. डोक्यावर गार पाणी ओतण्याने फारसे बिघडत नाही, पण त्या गडबडीत नाक सोडून दिले जाते, आणि खरे नुकसान तिथे होते. दूर्वांचा किंवा डाळिंबाच्या फुलांचा रस नाकात घालण्याचा उपाय आयुर्वेदात रक्तपित्तावर, म्हणजे अंगातून रक्त वाहण्याच्या विकारावर, सांगितलेला आहे. पण घरी वाटून, न उकळलेल्या पाण्यात कालवलेला रस उघड्या जखमेवर घालू नये. कापसाचा बोळाही कोंबू नये. तो रक्ताला चिकटतो आणि ओढताना खपली घेऊन निघतो. नाक चिमटीत असताना जोराने शिंकरू नये, कारण आतला दाब कानाकडच्या नळीत जाऊन कानाला दडे बसतात.

विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात घोळणा फुटणे नेहमीचे. नाकाचे अस्तर सुकते, त्यावर खपली धरते, ती खाजते, बोट आत जाते आणि रक्त येते. थंडीतली कोरडी हवा किंवा रात्रभर चालणारा एसी हेच करतो. सर्दी, ॲलर्जीमुळे सतत नाक चोळणे, वाकडा पडदा हीही कारणे आहेत. ॲलर्जीचा स्टेरॉइड स्प्रे मारताना टोक मधल्या पडद्याकडे राहिले तर रक्त येते. ते डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरावे, म्हणजे उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारावा.

रक्त थांबल्यावर पुढचे 24 तास नाक शिंकरू नये, वजन उचलू नये, फार गरम चहा घेऊ नये. शिंक आली तर तोंड उघडून द्यावी. झोपताना एक उशी जास्त घ्यावी. नंतर आठवडाभर सकाळ-रात्र पेट्रोलियम जेलीचा मुगाच्या दाण्याएवढा गोळा करंगळीने नाकपुडीच्या आत पुढेच लावून नाक बाहेरून हलके दाबावे. नाक ओले ठेवायला मिठाच्या पाण्याचे थेंब चालतात: उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे पाच मिलीचा सपाट चमचा पाऊण भरून. त्याच दिवशी वापरावे, उरलेले फेकावे. मीठ जास्त झाले तर नाक झोंबते, फार कमी पडले तरीही झोंबते. मुलांची नखे कापलेली असावीत. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. तान्ह्या बाळाला आडवे धरून नाकात तेल किंवा तूप सोडण्याची रीत मात्र बंदच करावी. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

नीट दाबूनही 20 मिनिटांत रक्त थांबले नाही, ते घशामागून सारखे उतरत राहिले, चक्कर आली किंवा डोक्याला मार लागल्यानंतर रक्त आले, तर थेट रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशी रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांनी त्याहून आधी जावे, पण गोळी स्वतःहून बंद करू नये. पावसाळ्यात तापासोबत घोळणा फुटला किंवा हिरड्यांतून रक्त आले तर डेंग्यूची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा तापात पॅरासिटामॉलच द्यावे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव येत असेल तर आत मणी, चिंचोका असे काही अडकलेले असू शकते. घड्याळाचा बटण सेल असेल तर काही तासांतच पडद्याला भोक पडते, म्हणून सकाळची वाट पाहू नये. किशोरवयीन मुलाचे नाक एका बाजूने चोंदलेले राहून वारंवार भरपूर रक्त येणे हे तिथल्या गाठीचे लक्षण असू शकते.

रुग्णालयात रक्ताची जागा सापडली की ती बधिर करून सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने डागतात. जागा दिसत नसेल तर नाकात पॅक भरतात आणि तो साधारण एक ते दोन दिवस ठेवतात. पॅकनेही थांबले नाही तर दुर्बिणीतून पाहून मागची रोहिणी बंद करावी लागते.