सूर्य ऊर्जा देतो म्हणून जीव झाला? हे अर्धंच उत्तर आहे

एन्ट्रॉपी (ढोबळपणे, विस्कळीतपणाचं माप) वाढतच जाते मग मातीपाण्यातून पेशी कशी तयार झाली, असं कोणीतरी म्हणतं आणि लगेच दुसरा उत्तर देतो की अरे पृथ्वी बंद सिस्टिम नाहीये, सूर्याकडून ऊर्जा येते, विषय संपला. पहिल्याची चूक बहुतेकांना माहितीये. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम एकूण बेरजेबद्दल बोलतो, एका कोपऱ्यात एन्ट्रॉपी कमी होऊ शकते, फ्रिजमध्ये बर्फ होतो आणि मागची जाळी तापते, झालं. मला खरा वैताग येतो तो दुसऱ्याचा, कारण बाजू बरोबर घेऊनही तो ऊर्जा आणि फ्री एनर्जी (म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा) यांची खिचडी करतो.

साधा हिशोब बघा. पृथ्वी सूर्याची जेवढी ऊर्जा शोषते जवळपास तेवढीच परत अवकाशात सोडते, दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅटच्या आसपास आत आणि तेवढेच बाहेर, नाहीतर आपण कधीच शिजून निघालो असतो (सध्या थोडी शिल्लक मागे राहतेय ते ग्लोबल वॉर्मिंग, तो वेगळा विषय). म्हणजे ऊर्जेत निव्वळ कमाई जवळपास शून्य! मग सूर्य देतो तरी काय? तर येणारा प्रकाश सुमारे ५८०० केल्विनच्या पृष्ठभागावरून निघालेला असतो आणि जाणारी इन्फ्रारेड उष्णता सरासरी २५५ केल्विनची. दिसणाऱ्या प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे एक कण, आला की त्याच्या बदल्यात साधारण २० इन्फ्रारेड फोटॉन बाहेर जातात, बंदी नोट आली आणि चिल्लर होऊन गेली, रक्कम तीच. एन्ट्रॉपी थोडी येते, भरपूर जाते, आणि मधल्या या उतारावर पानं साखर बनवतात.

तेव्हा ऊर्जा किती आहे हे विचारून काही उपयोग नाही, त्यातली कामाला किती लावता येते ते विचारा, तीच फ्री एनर्जी. अरबी समुद्रात उष्णता प्रचंड आहे, पण सगळं पाणी एकाच तापमानाला असतं तर तिच्यावर एक टेबलफॅनसुद्धा फिरला नसता. किलोमीटरभर खालचं पाणी दहा अंशांच्याही खाली असतं म्हणून निदान वीज काढायचा विचार तरी करता येतो.

भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९४४ च्या 'व्हॉट इज लाइफ?' या पुस्तकात जीव 'निगेटिव्ह एन्ट्रॉपी' वर जगतो असं लिहिलं, फिजिक्सवाल्यांनी आक्षेप घेतला, मग त्याने टीप जोडली की फक्त त्यांच्यासाठी लिहीत असतो तर फ्री एनर्जीबद्दलच बोललो असतो. ते वाक्य सगळे उचलतात, टीप कोणी वाचत नाही.

आणि सूर्यच पाहिजे असंही काही नाही. २००० साली अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाची गरम झऱ्यांची जागा सापडली. तिथे ऑलिव्हिन नावाचं खनिज असलेल्या खडकाची पाण्याशी रिअॅक्शन होऊन हायड्रोजन निघतो, ४० ते ९० अंशांचं अल्कधर्मी पाणी वर येतं आणि सूक्ष्मजीव त्यावर मजेत जगतात. चार अब्ज वर्षांपूर्वीचा समुद्र किंचित आम्लधर्मी असावा असं मानतात, म्हणजे अशा झऱ्याच्या खनिजांच्या पातळ भिंतीच्या आम्लधर्मी बाजूला प्रोटॉन (हायड्रोजनचे आयन) जास्त, अल्कधर्मी बाजूला कमी. तुमच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाघराच्या) पडद्यावर आत्ता असाच फरक आहे आणि त्यावरच एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनतं, जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेलने ही कल्पना १९६१ मध्ये मांडली आणि १९७८ चं नोबेल घेतलं. म्हणून जीव अशा झऱ्यांपाशी सुरू झाला ही थिअरी मला जास्त पटते. मिलरच्या १९५३ च्या प्रयोगात सुरुवातीच्या पृथ्वीवर असावेत असे वायू घेऊन त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) बनली हे खरंय, पण सोबत डांबरासारखा चिकटाही भरपूर जमला, ऊर्जा नुसती ओतली की असंच होतं.

अर्थात उतार असला म्हणजे जीव झालाच असं नाही, दुसरा नियम अडवत नाही एवढंच. आजच्या पेशीत प्रोटॉनचा हा उतार वापरायला एटीपी सिंथेस नावाचं फिरतं प्रोटीन लागतं, आणि ते प्रोटीन बनवायलाच आधी एटीपी लागतं. हे प्रोटीन नसताना त्या भिंतीवरचा उतार कशाने वापरला, याचं उत्तर केमिस्ट्रीवाल्यांनाच द्यावं लागणार, एन्ट्रॉपीकडे ते मागू नका.