अँटिऑक्सिडंट हा शब्द पालकाला कधी चिकटला?

हल्ली साध्या पालकाच्या पाकिटावरही 'अँटिऑक्सिडंट' असं छापलेलं असतं, पण गंमत अशी की हा शब्द स्वयंपाकघरातला नाहीच मुळी, कारखान्यातला आहे. रबराला हवेने चिरा पडू नयेत, तेल खवट होऊ नये, पेट्रोलमध्ये चिकट साका धरू नये म्हणून जी केमिकल्स घालायचे ती अँटिऑक्सिडंट. भाजीचा काही संबंधच नव्हता.

तसं पानांवर संशोधन चालू होतं, फक्त वेगळ्या नावाखाली. १९२२ मध्ये अमेरिकेत बर्कलेला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांच्या प्रयोगातल्या उंदरांचे गर्भच टिकेनात, मग त्यांना लेट्यूसची हिरवी पानं घातली तर व्यवस्थित पिल्लं व्हायला लागली. पानातली ती गोष्ट म्हणजे नंतरचं व्हिटॅमिन ई, तेही एक अँटिऑक्सिडंटच.

कारखान्यातला शब्द माणसाच्या शरीराला जोडण्यात मोठा वाटा डेनहॅम हार्मनचा. हा बाबा आधी शेल ऑइलमध्ये केमिस्ट होता, मग डॉक्टर झाला, आणि १९५६ मध्ये त्याने मांडलं की शरीरात फ्री रॅडिकल्स, म्हणजे दिसेल त्यावर तुटून पडणारे अस्थिर रेणू, तयार होतात (अँटिऑक्सिडंट आवरतात ते हेच), ते पेशींची नासधूस करतात आणि म्हातारपण त्यातूनच येतं. सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना असले रॅडिकल निकामी करणारं एन्झाइमच सापडलं आणि विषयाने वेग घेतला.

इकडे भाज्या जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो असंही समोर येत होतं. १९८१ मध्ये ब्रिटिश संशोधक रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रश्न टाकला, हे भाज्यांतल्या बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटमुळे तर नसेल? झालं, मग भाजी निवडा, धुवा, चिरा कशाला, गोळीच देऊन बघू की! फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला, आणि बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच दुसरी ट्रायल १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

मला विचाराल तर इथे पान नाही हरलं, गोळी हरली. पान उन्हात अन्न बनवतं तेव्हा त्याच्या आतच असले रॅडिकल्स होतात, त्यातून वाचायला ते कॅरोटीन, ल्युटीन, व्हिटॅमिन सी, ई असं सगळं एकत्र बाळगतं, स्वतःसाठी हं, आपल्यासाठी नाही. शिवाय फायबर, व्हिटॅमिन के, फोलेट आहेच, त्यामुळे फायद्यातला नेमका किती वाटा कुणाचा हे वेगळं काढणं अवघड. कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट याचा फेमस तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकला, कारण टेस्ट ट्यूबमधले आकडे शरीरात तसेच लागू होत नाहीत.

फोलेटची गोष्ट तर थेट आपल्या मुंबईची. १९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स इथे आल्या, गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवलं. त्यातलं औषधी द्रव्य काय ते मात्र कळेना. पुढे १९४१ मध्ये टेक्सासला चक्क चार टन पालक वापरून एक द्रव्य वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या फोलियम म्हणजे पान या शब्दावरून त्याला फोलिक अ‍ॅसिड नाव दिलं; फोलेट म्हणतात ते हेच, आणि यीस्टमधलं ते द्रव्यही हेच निघालं. गरोदर बाईला आज लोहासोबत देतात ती गोळी हीच.