वायपरचा स्विच दगा देतोय? नवा घेण्याआधी हे करून पाहा

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे वायपरचा स्विच मागायला गिऱ्हाइकं येतात. आम्ही आधी विचारतो, जुना उघडून पाहिलात का? कारण पुष्कळदा तो मेलेला नसतो. मुंबईची हवा खारी आणि दमट. त्यात दिवाळीपासून मेपर्यंत स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीला, म्हणजे याच स्विचला, कोणी फारसा हात लावत नाही. आतल्या पट्ट्या काळ्या पडतात, ग्रीस सुकतं आणि पहिल्याच सरीला वायपर हलत नाही.

पण दोष खरंच स्विचचाच आहे ना, हे आधी ठरवा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त अँपिअरचा किंवा नुसती तार कधीही नको, वायरिंग पेटू शकतं. मोटरचा आवाज येतोय पण वायपर हलत नाही, तर आर्मचा नट ढिला असेल. बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल तर बहुधा मोटरमधला पार्किंग कॉन्टॅक्ट (वायपरला जागेवर नेऊन थांबवणारा) गेलाय. दांडी किंचित दाबून धरली की चालतो आणि सोडली की थांबतो, तर मात्र संशय स्विचवरच घ्या. एकच स्पीड गेला असेल तर मोटरच्या कपलरवर (तारा जोडणाऱ्या प्लगवर), त्या स्पीडच्या पिनेवर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावा. तिथे १२ व्होल्ट येत असतील तर बिचाऱ्या स्विचला बोल लावू नका.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा; स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिथे घाई नको. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखालच्या कव्हरचे स्क्रू काढले की स्विच दिसतो. तो दोन स्क्रूंवर नाहीतर क्लिपवर बसवलेला असतो. तुमच्या गाडीत स्टिअरिंग काढल्याशिवाय स्विच निघत नसेल तर तिथेच थांबा आणि गाडी आमच्याकडे आणा. हे काम घरी करू नका, हे आम्ही कळकळीनं सांगतो.

स्विचचा कपलर सोडवून पिनांवर आणि स्विचच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा फवारा) मारा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो मिळतो. दांडी वीस-पंचवीस वेळा वरखाली करा आणि पूर्ण सुकू द्या. फवारा पेट घेणारा असतो, म्हणून दारं उघडी ठेवा आणि जवळपास विडी-काडी नको. एवढ्यानं भागलं नाही तरच स्विच खोला, तोही पारदर्शक पिशवीत हात घालून. आतली बारीक स्प्रिंग आणि छर्रा टुणकन उडतो आणि सीटखाली गेला की सापडत नाही. काळ्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं पुसा. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

पट्टी जळून वितळली असेल किंवा प्लास्टिक तडकलं असेल तर नवाच घ्या. येताना जुना स्विच सोबत आणा. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये कपलरच्या पिना वेगळ्या असू शकतात. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून, मोजून देतो.