पीएल/एसक्यूएल: कलेक्शनवर लूप लावण्याची पद्धत कशी बदलत गेली

ऑरॅकल या डेटाबेसवर चालणाऱ्या जुन्या सिस्टीमचं, पीएल/एसक्यूएल या ऑरॅकलच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं एखादं पॅकेज (एकत्र बांधलेल्या प्रोसीजरचा गठ्ठा) उघडा. त्यात कलेक्शनवर, म्हणजे मेमरीत ठेवलेल्या नोंदींच्या यादीवर, लूप (दर नोंदीसाठी तेच काम पुन्हा करणारी रचना) कसा लावलाय एवढं पाहिलं, तरी ते साधारण कोणत्या काळातलं असावं याचा अंदाज बांधता येतो. कुठे मोजणीसाठी ठेवलेलं वेगळं व्हेरिएबल हाताने वाढवत नेलेलं असतं. कुठे 'फर्स्ट'पासून 'लास्ट'पर्यंत साधा फॉर लूप असतो, कुठे 'नेक्स्ट' धरून पुढे सरकणारा व्हाइल लूप, तर कुठे 'फॉरऑल'. नव्याने रुजू झालेल्याला हा सगळा गोंधळ वाटतो आणि कोड रिव्ह्यूमध्ये जुन्या माणसांच्या नावाने खडे फोडले जातात. मला हे अन्यायाचं वाटतं. यातली जवळजवळ प्रत्येक तऱ्हा, ती लिहिली गेली तेव्हा भाषेत जे होतं त्यातूनच आली आहे.

मुळात डेटाबेसच्या विचारात लूपला जागाच नव्हती. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांच्या रूपात ठेवायची पद्धत) मांडलं, ते संचांच्या गणितावर. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' ही क्वेरीची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. तिच्यात आपण काय हवं ते सांगायचं. एकेक रो (टेबलमधली ओळ) कशी शोधायची, कोणत्या क्रमाने वाचायची, ही काळजी डेटाबेसची. पण पगारपत्रक किंवा व्याज-आकारणी करताना 'ही रो घे, हिशोब कर, अट तपास, मग पुढच्या रोकडे जा' अशी कामं निघतातच. ती बाहेरच्या सी किंवा कोबोल प्रोग्राममध्ये लिहिली जात, आणि कर्सर (क्वेरीच्या निकालातल्या रो एकामागून एक वाचायची सोय) उघडून एकेक रो डेटाबेसमधून बाहेर ओढली जाई.

ही ये-जा टाळण्यासाठी ऑरॅकलने १९८८ मध्ये, सहाव्या आवृत्तीबरोबर, पीएल/एसक्यूएल आणली. तेव्हा तिच्यात लिहिलेला ब्लॉक डेटाबेसकडे पाठवून चालवता यायचा, पण डेटाबेसमध्ये साठवून ठेवता यायचा नाही. स्टोअर्ड प्रोसीजर आणि पॅकेज १९९२ च्या ऑरॅकल ७ मध्ये आले आणि तिथून या भाषेचा खरा संसार सुरू झाला.

पीएल/एसक्यूएलचा साचा आला अडा या भाषेतून. अडा ही अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी ज्याँ इशबिया यांच्या गटाने तयार केलेली भाषा. १९८३ मध्ये ती प्रमाणित झाली. 'बिगिन', 'एक्सेप्शन', 'एंड' ही ब्लॉकची रचना, पॅकेजचे स्पेसिफिकेशन आणि बॉडी असे दोन भाग, दोन टिंबांनी लिहायची रेंज, उलट फिरण्यासाठी 'रिव्हर्स' हा शब्द, लूपचं व्हेरिएबल आपोआप तयार होणं आणि लूपच्या आत त्याला हात लावायला मनाई, हे सगळं तिथलं. इतकंच काय, पीएल/एसक्यूएलचा कंपायलर आतमध्ये कोडचं जे रूप तयार करतो ते 'डायना'सुद्धा अडासाठीच घडवलेलं. पॅकेज फार मोठं झालं की 'प्रोग्राम टू लार्ज' म्हणून येणाऱ्या एररमध्ये त्याचं नाव अजूनही दिसतं.

मात्र फॉर लूप उचलला गेला, ॲरे (क्रमांकाने लावलेल्या किमतींच्या याद्या) मागेच राहिले. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांच्या कटकटींचं मूळ इथे आहे. अडात ॲरेला स्वतःची रेंज माहीत असते. ॲरे रिकामा असेल तर त्याची खालची सीमा वरच्या सीमेपेक्षा मोठी ठरते, लूप एकदाही फिरत नाही आणि प्रोग्राम शांतपणे पुढे जातो. पीएल/एसक्यूएलमध्ये नंतर 'फर्स्ट' आणि 'लास्ट' आले तेव्हा दिसायला ते अडासारखेच होते. पण कलेक्शन रिकामं असेल तर दोन्ही नल, म्हणजे 'किंमतच नाही', असं देतात. नलपासून नलपर्यंत लूप लावला की तो शून्य वेळा फिरत नाही. ओआरए-०६५०२ ही व्हॅल्यू एरर देऊन तिथेच पडतो. टेस्टिंगला डेटा असतो म्हणून सगळं ठीक चालतं, आणि ज्या दिवशी प्रॉडक्शनमध्ये प्रलंबित व्यवहार एकही नसतो त्या दिवशी रात्रीचा जॉब कोसळतो. '१ ते काउंट' (काउंट म्हणजे नोंदींची संख्या) असा लूप लिहिला तर हे टळतं, कारण रिकाम्या कलेक्शनचा काउंट शून्य असतो. पण त्या लूपची स्वतःची वेगळी अडचण आहे. ती समजायला कलेक्शनच्या जन्मकथेकडे जावं लागतं.

ऑरॅकल ७ मध्ये पहिलं कलेक्शन आलं. त्याचं नाव 'पीएल/एसक्यूएल टेबल' असलं तरी ते डेटाबेसमधलं टेबल नव्हे. मेमरीतली किंमत आणि तिला जोडलेला एक पूर्णांक एवढाच त्याचा जीव. किती नोंदी भरल्या हे विचारायची सोयच नव्हती. म्हणून डेव्हलपर सोबत एक वेगळा काउंटर बाळगायचे. एखाद्या क्रमांकावर नोंद आहे का हे पाहायचं तर ती वाचायचा प्रयत्न करायचा आणि 'नो डेटा फाउंड' ही एरर आली तर पकडायची. सगळं रिकामं करायचं तर एक कोरं टेबल जाहीर करून ते त्यात टाकायचं. आज विचित्र दिसणारी ही कलाकुसर अजून काही पॅकेजांत जिवंत आहे. ऑरॅकल ७.३ बरोबर पीएल/एसक्यूएल २.३ आली आणि काउंट, एक्झिस्ट्स, फर्स्ट, लास्ट, प्रायर, नेक्स्ट, डिलीट या सोयी मिळाल्या. नोंद म्हणून अख्खं रेकॉर्ड ठेवण्याची मुभाही तेव्हाचीच.

या पहिल्या कलेक्शनचा स्वभाव विरळ होता. क्रमांक सलग असायची गरज नाही. वर्षाच्या मधेच काही मुलं शाळा सोडून गेल्यावर हजेरीपटावर १, २, ५, ९ असे क्रमांक उरावेत तसं. पुष्कळ जणांनी याचा फायदा करून घेतला: ग्राहक क्रमांक हाच इंडेक्स (नोंदीला जोडलेला क्रमांक) म्हणून वापरायचा, म्हणजे हवी ती नोंद थेट हाती. पण त्यावर '१ ते काउंट' लूप लावला की तिसऱ्या फेरीतच 'नो डेटा फाउंड'. 'फर्स्ट ते लास्ट' लावला तरी मधल्या फटींवर तेच. बिनधोक मार्ग एकच: 'फर्स्ट'ने सुरुवात करायची, इंडेक्स नल नसेपर्यंत व्हाइल लूप चालवायचा आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी 'नेक्स्ट'ने पुढचा इंडेक्स मागायचा. रिकामं कलेक्शन असो वा फटींचं, हा लूप अडखळत नाही. फक्त 'नेक्स्ट'ची ओळ विसरायची नाही, नाहीतर तो संपतच नाही. २००७ च्या ११जी आवृत्तीत 'कंटिन्यू' (ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जा) आल्यावर यात एक नवा खड्डा पडला. फेरीच्या मधूनच 'कंटिन्यू' केलं तर शेवटची 'नेक्स्ट'ची ओळ चालत नाही आणि लूप त्याच नोंदीवर फिरत राहतो.

१९९७ च्या ऑरॅकल ८ ने ऑब्जेक्ट-रिलेशनल (टेबलांबरोबर ऑब्जेक्टही सांभाळणारं) होण्याचं मनावर घेतलं आणि दोन नवे प्रकार आणले: नेस्टेड टेबल आणि व्हीॲरे. जुन्याचं नाव 'इंडेक्स-बाय टेबल' झालं. पुढे ९आय या आवृत्तीच्या काळात 'असोसिएटिव्ह ॲरे'. व्हीॲरेला कमाल मर्यादा असते आणि तो कायम सलग राहतो; मधली नोंद काढताच येत नाही. नेस्टेड टेबल सुरुवातीला सलग असतं, पण त्यातून नोंद काढली की फट पडते. तेच टेबलाच्या कॉलममध्ये साठवून पुन्हा वाचलं, तर क्रमांक १ पासून नव्याने सलग लागतात. म्हणजे 'सलग आहे का' हे नुसत्या टाइपवरून ठरत नाही. त्या व्हेरिएबलचं मधल्या वाटेत काय झालं यावर ठरतं. तीन वेगळ्या गरजांतून जन्मलेले तीन प्रकार आणि लूप मात्र एकच. कोणत्या प्रकाराला कोणता लूप चालेल, हे लक्षात ठेवायची जबाबदारी भाषेने माणसावर टाकली. ९आयच्या दुसऱ्या रिलीजमध्ये इंडेक्स म्हणून अक्षरं वापरता येऊ लागली. शाखेचा कोड किंवा चलनाचं नाव थेट इंडेक्सच्या जागी आलं आणि तिथे तर क्रमांकाच्या फॉर लूपचा प्रश्नच मिटला. 'नेक्स्ट'शिवाय पर्याय उरला नाही.

दरम्यान दुसरीकडे वेगाचा प्रश्न तापत होता. पीएल/एसक्यूएल चालवणारं इंजिन वेगळं, एसक्यूएल चालवणारं वेगळं. लूपमध्ये अपडेट लिहिलं की दर फेरीला एका इंजिनातून दुसऱ्यात जाऊन परत यावं लागतं. लाख रो असतील तर लाख खेपा. ८आय या आवृत्तीने यावर 'बल्क कलेक्ट' आणि 'फॉरऑल' दिले. पहिला अनेक रो एका खेपेत कलेक्शनमध्ये भरतो. दुसरा कलेक्शनमधल्या सगळ्या किमतींसाठी एकच इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट एकगठ्ठा पाठवतो. 'फॉरऑल' दिसतो लूपसारखा, पण त्याच्या पोटात एकच स्टेटमेंट बसतं, आणि मधे फट असेल तर ओआरए-२२१६० ही एरर देतो. ९आयमध्ये 'सेव्ह एक्सेप्शन्स' आलं, त्यामुळे एका वाईट रोपायी अख्खा गठ्ठा बाद होणं थांबलं.

आपल्याकडे या भाषेतला कोड भरपूर आहे, याला कारणही याच काळातलं. मुंबईच्या आय-फ्लेक्सचं 'फ्लेक्सक्यूब' हे बँकिंग सॉफ्टवेअर ऑरॅकल डेटाबेसवर उभं होतं. २००५ मध्ये ऑरॅकलने त्या कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामावर असलेल्या पुण्या-मुंबईतल्या अनेकांची कारकीर्दच या पॅकेजांमध्ये गेली आहे.

'बल्क कलेक्ट'ने सगळ्या रो एकदम आणल्या तर मेमरी फुगते, म्हणून 'लिमिट' लावून टप्प्याटप्प्याने आणायची रीत रूढ झाली. तिथला सापळा माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत घातक आहे. समजा रो २५० आहेत आणि लिमिट १००. तिसऱ्या फेचला (रो आणण्याच्या खेपेला) ५० रो येतात. मागितल्या तेवढ्या मिळाल्या नाहीत म्हणून कर्सरचं 'नॉटफाउंड' खरं होतं. फेचच्या लगेच खाली 'एक्झिट व्हेन नॉटफाउंड' लिहिलेलं असेल, तर या ५० रोंवर काहीही काम न होता लूप संपतो. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. आणि टेस्ट डेटा ३०० रोंचा असेल तर सगळं बरोबर दिसतं, कारण तेव्हा चौथा फेच रिकामा येतो. बाहेर पडायची अट कलेक्शनच्या काउंटवर ठेवावी, नाहीतर 'नॉटफाउंड'ची ओळ लूपच्या अगदी शेवटी न्यावी. एकेका रोवर फेच करणारा जुना कर्सर लूप लिहिण्यात हात बसलेल्यांकडून हे व्हायचं, कारण तिथे फेचनंतर लगेच बाहेर पडणं हेच बरोबर होतं.

१०जी या आवृत्तीने बरंच ओझं उतरवलं. नवा ऑप्टिमाइझिंग कंपायलर साधा कर्सर फॉर लूपसुद्धा आतून शंभर-शंभर रो आणून चालवू लागला. नुसतं वाचायचंच असेल, तर त्यानंतर 'बल्क कलेक्ट'चा खटाटोप पुष्कळ ठिकाणी अनावश्यक झाला. जुन्या सवयीने तो आजही लिहिला जातो. फटींसाठी 'फॉरऑल'ला 'इंडिसेस ऑफ' आणि 'व्हॅल्यूज ऑफ' मिळाले. पण ते फक्त 'फॉरऑल'ला. साध्या फॉर लूपची पाटी कोरीच राहिली.

इतरांनी आपापल्या वाटा काढल्या. मायक्रोसॉफ्टच्या टी-एसक्यूएलमध्ये अशी कलेक्शन नाहीतच, फॉर लूपही नाही. तिथे टेबल व्हेरिएबल, व्हाइल आणि कर्सर यांवर भागवतात. पोस्टग्रेस या डेटाबेसची पीएल/पीजीएसक्यूएल ऑरॅकलच्या भाषेवरून बेतलेली, पण तिने २०११ च्या ९.१ आवृत्तीत ॲरेवर थेट फिरणारा 'फॉरईच' देऊन टाकला. खुद्द अडालाही २०१२ च्या प्रमाणित आवृत्तीत नोंदींवर थेट फिरणारा फॉर मिळाला.

पीएल/एसक्यूएलमध्ये हे आलं ते २१सी आवृत्तीत. आता फॉर लूपमध्येच 'इंडिसेस ऑफ' म्हणून इंडेक्स मागता येतात, 'व्हॅल्यूज ऑफ' म्हणून किमती, आणि 'पेअर्स ऑफ' म्हणून दोन्ही एकदम. कलेक्शन रिकामं असेल तर लूप फिरत नाही, फटी असतील तर त्या ओलांडल्या जातात. फेरी किती पावलांनी पुढे जावी हे 'बाय'ने सांगता येतं, अट 'व्हेन'ने लावता येते. एक सावधगिरी मात्र हवी: 'व्हॅल्यूज ऑफ' हे शब्द 'फॉरऑल'मध्ये वेगळ्या अर्थाने येतात. तिथे त्या कलेक्शनमधल्या किमती दुसऱ्या कलेक्शनचे इंडेक्स म्हणून वापरल्या जातात. एकाच पॅकेजात दोन्ही आले, तर वाचताना इथे थांबावं.

२१सी ही दीर्घ सपोर्ट नसलेली 'इनोव्हेशन रिलीज' होती, त्यामुळे मोठ्या संस्थांनी तिच्यासाठी डेटाबेस हलवण्याची शक्यता कमीच. त्याआधीची दीर्घ सपोर्टची आवृत्ती १९सी. त्यानंतरची थेट २०२४ मधली २३एआय. जिथे १९सी चालू आहे तिथे हे नवे फॉर लूप कंपाइलच होणार नाहीत. तिथे फटींच्या कलेक्शनसाठी 'फर्स्ट', 'नेक्स्ट' आणि व्हाइल हीच ७.३ च्या काळातली जोडणी आजही लिहावी लागते, आणि ती बिनचूक चालते.